झडती

जेल रोडवरून मुक्तिधामला निघालात
की वाटेत आमचा प्रेस लागतो.
नाशिकरोडच्या रिक्षावाल्यांना यात काही गंमत वाटत नाही.
सीट भरली की ते निघतात.

तेहतीस वर्षं मी तिथं कागद तपासले.
शीट उजेडासमोर धरायची, सिंह बघायचे,
एखाद्याचा कान पुसट आला तर शीट रद्द.
चौथा सिंह पाठीमागं असतो म्हणतात.
मी तीनच बघितले. पगार तिघांचाच होता.

कागदानं माझे अंगठे गुळगुळीत केले.
आता दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जाते,
तर यंत्र मला ओळखत नाही.
पोरगा म्हणतो, पुसून परत ठेवा.
मी पुसते, परत ठेवते,
मी जिवंत आहे हे माझ्याच सरकारला पटावं म्हणून.

माझ्या आधी बाबा होते त्याच फाटकात.
ते राजाचं डोकं छापायचे, मग सिंह छापू लागले.
पाट्या बदलल्या.
शाईचा वास तोच, भोंगा तोच,
सहाला बाहेर पडताना हात वर, तेही तसंच.

बेचाळीस साली एका गोऱ्या फोरमननं
बाबांच्या कानशिलात दिली
आणि अख्खं खातं थांबलं.
कुणी घोषणा दिली नाही. नुसतं थांबलं.
चहा तसाच गार झाला टेबलांवर.
दुपारी साहेबानं येऊन टोपी काढली.

दुसरी बसली पन्नासात, नाहीतर एकावन्नात.
हात आपला होता, सिन्नरकडचा.
यंत्रं चालू राहिली.
बाबा घरी आले, गालाला खोबरेल लावलं,
म्हणाले, जाऊ दे, आपलाच माणूस आहे.

त्या 'आपलाच'ला मी फार भ्याले पुढं.
गोऱ्याला निदान 'चालता हो' म्हणता यायचं.
याला कुठं घालवायचं?
सिन्नरला?

गैरसमज नको.
गोरा मला परत नको आहे.
तेव्हा गांगुर्ड्याच्या पोरीला फाटकातून आत कोण घेतं?
माझी सही, माझं पासबुक,
नवऱ्याला न विचारता घेतलेली शिलाई मशीन,
सगळं या सिंहांचंच देणं.
म्हणून तर हिशेब मागताना जीभ जड होते.
उपकाराचं कुलूप आतून लागतं.

झडतीला कुसुम खैरनार असायची.
थंडीत तिचे हात बर्फ.
पहिल्या वर्षी दरवेळी म्हणायची, "माफ करा हं ताई."
मग नुसतं "हं."
मग तेही नाही.
मीही वाट बघायची सोडली.
पंधरा ऑगस्टला झेंड्याखालचा लाडू पिशवीत घातला,
तर तो फोडून बघितला तिनं.
दोघी हसलो.
भुगा झालेलं स्वातंत्र्य मी घरी नेलं,
भाच्यांनी चमच्यानं खाल्लं.

ड्यूटी संपली की कुसुमचीही झडती व्हायची.
ती कोण घ्यायचं, कधी विचारलं नाही.

परवा मॉलमध्ये गेले, भाचसुनेबरोबर.
दारात ती कमान, युनिफॉर्ममधली कोवळी पोरगी.
तिनं काही म्हणायच्या आत
माझे हात वर गेले.
"मावशी, अहो, इथं नाही लागत," ती हसली.
मला माहीत होतं.
हातांना माहीत नव्हतं.
ते जरा वेळ तसेच राहिले वर,
मागची रांग थांबली,
आणि दोन कॉलेजच्या मुलींना वाटलं
काहीतरी नवा नियम निघाला असेल.
त्यांनी पर्स कोपरापर्यंत सरकवल्या,
एकमेकींकडे बघितलं,
आणि हात वर केले.